चौथी रांग, माझ्या जबाबदारीवर

७ जून, रविवार

झोक्याचं जहाज उभं राहिलं! रास अल-बरच्या किनाऱ्यावरच्या मलाहीत, म्हणजे पाळण्या-झोक्यांच्या बागेत, बंपर गाड्यांच्या शेजारी. नाव ठेवलं 'शूरवीर'. आठ रांगा, पुढे सिंहाचं तोंड, मागे शेपूट. सिंहाला एक डोळा नाही. वापरलेलं यंत्र आहे, एवढं चालायचंच.

तीस वर्षं दमियेत शहरातल्या सुतारांना पॉलिश विकलं. पॉलिश बघून कोणी किंचाळलंय कधी? आता मी, वजदी अल-मंजलावी, थरार विकणार.

उस्ता शहाता हा मेकॅनिक यंत्राबरोबरच आला. साठीचा आहे. बोलणं मोजकं, चहा बेसुमार. दिवसभर सगळं तपासून म्हणाला, मालक, चौथ्या रांगेचा खटका बरोबर नाही. मांडीवरचा दांडा कधी धरून ठेवतो, कधी सोडतो. पिन झिजलीय.

म्हटलं, उस्ता, जगात कोणता खटका शंभर टक्के बसतो?

म्हणाला, बाकीच्या सात रांगांचे बसतात.

माणूस चांगला आहे. दृष्टी जरा आखूड.

८ जून, सोमवार

बोर्ड रंगवून घेतला. 'बसणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर बसावे.' लाल अक्षरं, खाली कवटी. शिवाय एक फॉर्म छापला. भीती वाटेल, पोटात ढवळेल, तक्रार चालणार नाही; खाली नाव, वय, सही. ज्याचा जीव त्याची जबाबदारी. इतका साधा विचार या देशात आजवर कोणाला सुचला नाही याचं नवल वाटतं.

आमच्या लहानपणी फॉर्म नव्हते. आम्ही नाईल पोहून पार करायचो. (मी काठावर कपडे सांभाळायचो. त्यालाही धाडस लागतं.)

इनायतला म्हटलं, उद्घाटनाला पहिल्या रांगेत तू बस. म्हणाली, आधी तू बस, मग मी बसते. म्हटलं, कप्तान प्रवाशांबरोबर बसत नसतो. म्हणाली, कप्तान जहाजात तरी असतो.

बत्तीस वर्षं संसार करूनही बायकांना धंदा कळत नाही.

११ जून, गुरुवार

उद्घाटन झकास. सगळ्या रांगा भरलेल्या. चौथीसुद्धा. काही झालं नाही. शहाताला मुद्दाम तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, आज झालं नाही.

लोक फॉर्म न वाचता सही करतात. एकाने नावाच्या जागी 'समुद्र' लिहिलंय, वय 'मोठा'. अशा माणसाची जबाबदारी मी कशी घेणार?

संकल्प: उद्या सकाळी गर्दी नसताना स्वतः एकदा बसून घ्यायचं.

१२ जून

बसलो नाही. सकाळी न्याहारीला तामियाचे वडे जास्त झाले.

१३ जून

वारा.

१४ जून, रविवार

तपासणीला सरकारी इंजिनिअर आली. मेरवत नाव. वय असेल सत्तावीस. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टॉर्च. भर दुपारी टॉर्च! प्रत्येक दांडा लोंबकळून ओढून बघितला. चौथ्या रांगेचा तिसऱ्या झटक्याला हातात आला.

तिने विचारलं, तुम्ही स्वतः बसलायत का यात?

म्हटलं, शंभरदा.

शंभरदा बसायची माझी तयारी आहे, तेव्हा हे खोटं नाही.

माझा फॉर्म दाखवला. तिने पूर्ण वाचला. (पहिलीच!) म्हणाली, यात खटका खराब आहे असं कुठे लिहिलंय? म्हटलं, बाई, रिस्क म्हणजे रिस्क, तिचे तुकडे पाडून सांगायचे नसतात. म्हणाली, काका, उंचीची भीती वाटते की नाही हे माणसाला माहीत असतं. तुमची पिन झिजलीय हे त्याला कसं कळणार?

काका! आणि नोटीस. पिन बदलेपर्यंत चौथी रांग बंद. जाताना रांगेवर लाल टेप चिकटवून गेली.

एका टेपने माझं तत्त्व बांधता येत नाही, हे तिला कळेल.

१७ जून, बुधवार

टेप निघाली. समुद्राचा वारा. मी फक्त एक टोक सैल केलं होतं, बघायला की गोंद कुठला आहे.

शहाता म्हणाला, मालक, उद्या सुटी द्या, दमियेतच्या कारखान्यातून पिन करून आणतो. म्हटलं, हंगाम संपल्यावर. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. तो ग्लास ठेवतो तेव्हा मला फार बोलल्यासारखा वाटतो.

१९ जून, शुक्रवार

काही विशेष नाही.

ठीक आहे, ही वही माझीच आहे. लिहितो.

संध्याकाळी साडेपाचला चौथ्या रांगेत हाज्जा तफिदा बसली होती. मासळी बाजारात दुकान आहे तिचं, साठी उलटलेली, हज केलेली, अंगाने भरभक्कम. शेजारी सून. तिसऱ्या झोक्याला जहाज वर गेलं आणि दांडा उघडला. हाज्जा जागेवरून उठली. म्हणजे उचलली गेली. सुनेने तिच्या कमरेला मिठी मारली, हाज्जाने पुढच्या रांगेची पाठ धरली. शहाताने ब्रेक मारला. जहाज थांबायला सात-आठ झोके लागतात. हे मला आधी माहीत नव्हतं. सात-आठ झोके हे फार असतात.

कोणी पडलं नाही. हाज्जाच्या दंडाला काळंनिळं. चप्पल बंपर गाड्यांच्या छपरावर.

मी फॉर्म घेऊन पुढे झालो. सही दाखवली. आवाज शांत ठेवला होता.

ती म्हणाली, सही माझीच आहे, मी वाचून केली. भीती वाटेल असं लिहिलंय, वाटली, तक्रार नाही. पोटात ढवळेल लिहिलंय, ढवळलं, तेही माझं. खटका उघडेल असं कुठे लिहिलंयस, दाखव. भीती माझी रे बाबा, पण खटका तुझा.

भोवती माणसं जमली. कोणीतरी टाळी वाजवली.

मी म्हणालो, जो घाबरतो त्याने घरी बसावं. माझं यंत्र भक्कम आहे.

हाज्जा म्हणाली, मग येत्या शुक्रवारी याच जागेवर तू बस. मी बाजार बंद करून बघायला येते.

म्हणालो, बसेन! सगळ्यांदेखत!

छान बोललो. आवाज शेवटपर्यंत पोचला असावा.

२० जून, शनिवार

बोललो ते बरोबरच बोललो. माघार नाही.

शहाताने न विचारता चौथ्या रांगेला दोर बांधून ती बंद केली. मी सोडायला सांगितलं नाही. माझं लक्षच गेलं नाही असं ठरवलंय.

इनायत म्हणाली, त्या बाईची सून पोटुशी आहे, तुला माहीत होतं का? म्हटलं, फॉर्मवर तसा रकानाच नाही. ती भेंडीला फोडणी द्यायला उठली.

२२ जून, सोमवार

स्पीकरवरून दिवसातून सहा वेळा जाहीर करतोय: शुक्रवारी साडेपाचला मालक स्वतः चौथ्या रांगेत! बंपर गाड्यांचा जगलूल म्हणाला, वजदी, माझ्या छपरावर जागा ठेवतो तुझ्यासाठी, चप्पल पोचलीच आहे.

हसून घ्या. इतिहास असाच घडतो.

२४ जून, बुधवार

गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणाला, काही नाही. कसला डॉक्टर हा.

२५ जून, गुरुवार

दुपारी शहाताला यंत्रामागे गाठलं. सहज विचारलं, ती पिन आजच्या आज होईल का?

तो म्हणाला, मालक, हंगाम संपल्यावर म्हणाला होतात.

म्हटलं, विचार बदलला. माणसाने लवचीक असावं.

म्हणाला, कारखान्याला आज दुपारपासून सुटी. शनिवारीच होईल. मग मान खाली घालून म्हणाला, हाज्जाच्या आधी सांगितलं असतंत तर.

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला चिडता आलं असतं.

हे लिहायचं नव्हतं: दोनशे माणसं त्या रांगेत बसवली तेव्हा पिन आठवली नाही. स्वतः बसायची वेळ आली तेव्हा आठवली. असं कोणी म्हणू शकेल. मी म्हणत नाहीये. मी फक्त लवचीक आहे.

योजना तयार. बारा हात दोरी घेतली, होडीवाल्यांची, चांगली जाड. गलाबियाचा झगा सैल आहेच.

२६ जून, शुक्रवार, दुपारी चार

झोप नाही, जेवण नाही. इनायतने इस्त्रीची गलाबिया पुढे ठेवली. म्हणाली, जाऊ नकोस. हाज्जाची माफी माग, चार लोक हसतील आणि विसरतील. म्हटलं, अल-मंजलावींनी आजवर माफी मागितलेली नाही. म्हणाली, म्हणूनच तुमच्या घराण्यात कोणी कोणाशी बोलत नाही.

चाललो. परत आल्यावर विजयाचा वृत्तांत लिहीन.

२७ जून, शनिवार

वृत्तांत.

गर्दी प्रचंड. हाज्जा तफिदा सर्वांत पुढे, खुर्ची टाकून, मांडीवर कलिंगडाच्या बियांची पुडी. इंजिनिअर मेरवतसुद्धा आली होती. तिला कोणी कळवलं? इनायतने.

मी आधीच पाच वाजता ताडपत्रीआडून जहाजात चढलो होतो. गलाबियाच्या आत पोटाला तीन वेढे, दोरीची टोकं बाकाखालून घेऊन पाठीमागे पक्की गाठ. वरून काही दिसत नव्हतं. साडेपाचला ताडपत्री काढली. मी हात उंचावला. जल्लोष झाला. तो क्षण सुंदर होता, हे नोंदवून ठेवतो.

मग माईकवर बोललो: माझा जीव, माझी जबाबदारी. उस्ता शहाता, चालू कर!

काही झालं नाही.

पुन्हा म्हटलं, चालू कर!

शहाता स्विचपाशी उभा होता. हात मागे बांधलेले. तो तिथूनच म्हणाला, नाही, मालक.

म्हटलं, जबाबदारी माझी आहे, सही देतो!

तो म्हणाला, तुम्ही सही द्या नाहीतर अंगठा द्या. पडणार तुम्ही, पण दाबणार मी. घरी जाऊन भाकरी याच हाताने खायची आहे मला. त्या दिवशीही याच हाताने दाबलं होतं. आठ दिवस झोपलो नाही.

इतका वेळ सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हणालो, तर मग तू भित्रा आहेस.

म्हणाला, असेन.

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण पडता येईना. उठताही येईना. गाठ पाठीमागे, घामाने ओली होऊन आवळलेली. पाच मिनिटं मी बसल्या जागी रुबाबात लोकांकडे बघत राहिलो. लोक माझ्याकडे. शेवटी मेरवत वर चढली, तिने टॉर्च मारला आणि म्हणाली, काका, हे काय?

शहाताने मासळी कापायच्या सुरीने दोरी कापली. सुरी हाज्जाने दिली. तिच्या पिशवीत असतेच. बारा हात दोरी माझ्या गलाबियातून बाहेर येत होती आणि संपत नव्हती. लोक मोजत होते. मोठ्याने.

हाज्जा हसली नाही. एवढंच म्हणाली, आम्हालाही एकेक दोरी दिली असतीस.

मला बोलायचं होतं. तयार वाक्यं होती. तोंडातून निघालं, चुकलं माझं, हाज्जा. माईक चालू होता. बंपर गाड्यांपर्यंत ऐकू गेलं.

मेरवतने अख्ख्या जहाजाला सील लावलं. या वेळी टेप नाही. साखळी.

२८ जून

माझी बाजू अशी की

२९ जून, सोमवार

शहाता आठही रांगांच्या नव्या पिना घेऊन आला. दिवसभर बसवत होता. मी पाना धरला, तेल दिलं, चहा केला. चहा वाईट झाला असं तो म्हणाला. बोलायला लागलाय माणूस.

फॉर्म रद्दीत दिले.

३० जून, मंगळवार

दुपारी मेरवत येऊन गेली. प्रत्येक दांड्याला लोंबकळली. एकही हलला नाही. मग चौथ्या रांगेत स्वतः बसून तीन फेऱ्या मारल्या, हेल्मेटसकट. सील काढलं. जाताना काकाच म्हणाली.

बाग रिकामी होती. इनायत म्हणाली, चल.

पर्याय नव्हता. आम्ही दोघं चौथ्या रांगेत. दोरी नाही. दांडा मी अकरा वेळा ओढून बघितला. शहाताने दाबलं.

पहिला झोका: उत्तम. मी अंगठा दाखवला.

दुसरा: एका बाजूला नाईल, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधे मी.

तिसरा: माहीत नाही, डोळे मिटले होते. ओरडत होतो, असं इनायत सांगते. काय ओरडत होतो ते तिने सांगितलं, पण त्यात माझ्या आईचं नाव आहे, तेव्हा लिहीत नाही.

जहाज वेळेआधीच मंद होत थांबलं. खाली उतरताना शहाताने हात दिला. त्याला म्हटलं, उपकार झाले उस्ता, माझं ओरडणं ऐकलंस.

तो म्हणाला, या इंजिनात ऐकू कुठे येतंय, मालक. मी पहिल्यापासून तुमच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

इनायत उतरली नव्हती. वर बसून हसत होती, तिला आणखी एक फेरी हवी होती. शहाताने माझ्याकडे पाहिलं. मी वर जाऊन तिचा दांडा ओढून बघितला, परत खाली आलो, मान हलवली. त्याने स्विच दाबला.

मी खाली उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. पूर्ण फेरी. पापणी न लवता.