नाव शेवटी

डॉफिन, मॅनिटोबा
९ जानेवारी

चि. लारिसास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा सहा तारखेला, आपल्या युक्रेनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पूर्वजांसाठी एक पान रिकामं मांडलं होतं. तुझ्या काकांनी विचारलं, हे लारिसाचं का? मी म्हटलं, ती जिवंत आहे, फक्त फोन उचलत नाही.

वाचनालयातल्या मुलीने तुझा नवा लेख काढून दिला. पेशी किती मऊ नि किती कडक हे तुम्ही मोजता, एवढं कळलं. पण नावं सहा, आणि तुझं सगळ्यात शेवटी! शाळेत संघ निवडताना तुला शेवटी घ्यायचे ते आठवलं. तिथे कोणी तुला हिडीसफिडीस करतं का? खरं लिही. नीट जेवत जा.

तुझी,
ओल्हामावशी


मॉन्ट्रियल
२० जानेवारी

ति. मावशीस,
सा. न.

अगं, आमच्यात शेवटचं नाव मानाचं! पहिलं नाव हाताने काम करणाऱ्याचं, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचं, यास्मिनचं. शेवटचं असतं ते जिची प्रयोगशाळा तिचं. चुकलं तर जाब तिलाच विचारतात.

माझं दुखणं वेगळंच आहे. माझे गाजलेले लेख माझ्या जुन्या मार्गदर्शकांच्या, प्रेंटिससरांच्या, हाताखाली असतानाचे; शेवटचं नाव त्यांचं. कोणी आपल्या लेखात त्या लेखांचा आधार घेतला की संदर्भांचा आकडा वाढतो. गॅसवर दूध ठेवल्यासारखा माझा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. मला नोकरीत कायम करायचं की नाही ते वसंतात विद्यापीठाची समिती ठरवेल. समितीतल्यांनी सुचवलंय की आकडा चांगला आहे, पण तो तुमचा की सरांचा?

आता आमचा पुढचा लेख तयार आहे. स्वतःपेक्षा अरुंद फटीतून जाताना कॅन्सरची पेशी मऊ कशी होते, हे आम्ही मोजलंय. सर म्हणाले, शेवटी माझं नाव घाल, मोठ्या नियतकालिकाच्या संपादकांशी मी बोलतो. तसे ते वाईट नाहीत, माझं पहिलं यंत्र त्यांनीच दिलं. नाव घातलं तर जग वाचेल, पण त्यांचा लेख म्हणून. नाही घातलं तर कदाचित कोणीच वाचणार नाही. एका जागी बसवत नाही गं. काकांना नमस्कार.

तुझी,
लारा


डॉफिन
२ फेब्रुवारी

चि. लारास,
आशीर्वाद.

अगं, मग हे आधी नाही का सांगायचं! हे तर आपलं कर्लिंगच झालं. बर्फावरून दगड सरकवायच्या त्या खेळातही शेवटचे दगड कप्तानाचे, म्हणजे माझे. हरलो की बाकीच्या तिघी माझ्याकडे बघतात, बर्फाकडे नाही. उगाच तुझ्या नावाने रडले.

सरांनी तुला दगडापुढचा बर्फ घासायचा झाडू धरायला शिकवलं, त्याबद्दल त्यांना डबाभर होलुब्त्सी पाठवते. कोबीची पानं स्वतः गुंडाळीन.

काय करावं ते मी सांगणार नाही. एवढंच लिहिते की गेल्या शनिवारी गुडघा धरला म्हणून शेवटचा दगड मी आमच्या संघातल्या नेस्त्याला दिला. तिने सुरेख टाकला, आम्ही जिंकलो. घरी आल्यावर मी कोट न काढताच भांडी घासायला घेतली. काकांनी विचारलं, हरलात का?

फोन उचलत जा.

तुझी,
मावशी


मॉन्ट्रियल
२१ मे

ति. मावशीस,
सा. न.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. मी सरांना नाही म्हटलं. लेखाच्या शेवटी त्यांचे मनापासून आभार मानले. ते तुझी मर्जी म्हणाले आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. तेव्हापासून त्यांचं पत्र नाही. होलुब्त्सी मात्र पोचल्या, डबा धुऊन परत आलाय.

मोठ्या नियतकालिकाने लेख आठवड्यात परत केला. एका लहानशाने घेतला. रोज आकडा बघायचे, शून्य. काल एक झाला! चिलीमधल्या एका बाईंनी आमचा आधार घेतलाय, तोही आमचं मोजमाप पटत नाही हे सांगायला. यास्मिन रडकुंडीला आली. म्हणाली, पहिलाच संदर्भ आणि तोही शिव्या द्यायला! मी तिला म्हटलं, शिव्या द्यायला का होईना, त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलंय.

त्या बाईंनी पत्रही पाठवलं होतं, मला. सरांचं नाव असतं तर ते त्यांना गेलं असतं. तीन पानी उत्तर लिहिलं. एका ठिकाणी त्यांचं बरोबर आहे, तेही लिहिलं. मग खूप दिवसांनी भूक लागली.

समिती गुरुवारी बसते. काय होईल माहीत नाही, धाकधूक आहेच. म्हणून हे पत्र आधीच टाकते आहे. निकाल काहीही लागो, वरचं सगळं मी लिहिलंय, म्हणून शेवटी पूर्ण नाव घालते. माया आहे तशीच राहू दे.

लारिसा हनात्यूक