गार दगडावरची टाकी

आप्पा, डोळ्याला दिसणारही नाही अशा एका खड्ड्याची खरी किंमत सांगतो: तीन महिने, सात मोडलेल्या सुया, पुण्याच्या अकरा खेपा आणि वर एक खोटं. खोट्याचं शेवटी.

तेरची आपली गिरणी सोडून मी धाराशिवला लेथवर लागलो, तेव्हा तुम्ही पट्टा सांधत होता. मान वर केली नाहीत. आज माझा स्वतःचा कारखाना आहे, मोजमापाच्या यंत्रांचे भाग बनवतो. कुणाचं बोट धरून आलो नाही. कान तेवढे तिखट. चालत्या मशीनजवळून नुसता गेलो तरी कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो, आणि माझ्या कानातून काही सुटत नाही, हे चारचौघांत ऐकवतोही.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तामलवाडीची एक मुलगी संशोधन करते. आपल्याच जिल्ह्याचा म्हणून मला शोधत आली. "काका, असा स्टँड द्या की सुई म्हणंल तिथंच टेकली पायजे." टेकायची कशावर, तर अणूंच्या एकाच थराच्या पापुद्र्यावर. कांद्याचा पापुद्रा त्यापुढं सतरंजी. तो मऊ प्लास्टिकवर अंथरायचा आणि सुईनं दाबून बारीक खड्डा पाडायचा. खड्ड्यात पापुद्रा ताणतो. मग तो तुकडा अतिशय गार डब्यात ठेवून लेसर मारला, की ताणलेल्या जागेतून प्रकाशाचे कण सुटतात. एका वेळी एकच, जोडीनं नाही. अशा कणांवरून निरोप धाडला तर मधे कुणी डोकावलेलं कळतं म्हणे. पण या जागा आपोआप कुठंही उगवतात, सुरकुतीवर, फाटक्या कडेला. तिला त्या रांगेत हव्या होत्या. मी म्हणालो, "पाभरीनं पेरल्यागत देतो."

दिला, आणि रांग वाकडी गेली. पहिला खड्डा जागेवर, दहावा भलतीकडं. "काका, पाभरीला बैल कुठला जुपला वो?" ती हसून म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. तिचं तीन वर्षांचं काम त्या रांगेवर अडलं होतं. तिच्या सरांनी सांगून टाकलं, हा स्टँड परत करा, बाहेरून मागवू. शेवटची एक दुपार मिळाली. मी स्टुलावर डोळे मिटून बसलो, आणि उठून म्हणालो, "सुई दिसायला वर लावलेला तो दिवा बंद कर. सुई धरणारा दांडा तापून वाढतोय. गार होऊ दे, मग टेकव." "कसं वळखलं काका?" "कानानं." चार दिवसांनी तिचा फोन आला, ओरडतच. "लागले काका! रांगंत लागले! दोन अंधारेच ऱ्हायले, पण ते पापुद्र्याचं पाप, तुमचं न्हाय."

गिरणीतली ती सकाळ तुम्हाला आठवते का? दळणाचा आवाज बदललेला मीच आधी ओळखलेला. वरचा दगड उचलून ठेवलाय, छन्नी घेऊन मी टाकी लावायला, म्हणजे बोथट दगडावर नवे खड्डे पाडायला, उतावीळ. तुम्ही म्हणता, "कान बराबर हाय तुजा. पर आधी हात लाव. गरम हाय का बघ." गेरू लावलेली लाकडी पट्टी दगडावर फिरवली की उंचवट्याला लाल लागतं, आणि टाकी तिथंच घालायची. तापल्या दगडावर गेरू लागायच्या आतच वाळतो. तुम्ही जेवायला गेलात आणि मी थांबलो नाही. अंदाजानं ठोकत सुटलो. आठवडाभर अख्ख्या तेरच्या भाकरीत कचकच. "आप्पा, ज्वारी दळली का नदीची वाळू?" बाया दारात उभ्या राहून विचारायच्या. तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत. एकट्यानं सगळा दगड पुन्हा टाकवलात आणि मला एवढंच म्हणालात, "हात लावायला काय पैसं पडत हुते का?" त्याच महिन्यात मी घर सोडलं.

त्या दुपारी मला काहीच ऐकू आलं नव्हतं, आप्पा. दांडा तापताना आवाज करत नाही. हरलो म्हणून उठलो, आणि उठता उठता तळहात आपसूक दांड्यावर गेला. गरम लागला. त्या मुलीला हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण कान माझे होते, हात लावणं तुमचं होतं, आणि माझ्या तोंडून कानच निघाला. आता ती आल्या-गेल्याला सांगते, आमच्या काकांचे कान बघा. मी मिशीत हसतो.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुमची गेरूची पट्टी माझ्या कपाटात आहे, तिच्याखाली ठेवतो. तिचा तो फोनही मी उजव्या कानालाच लावला होता. डावा दोन वर्षांपासून बंद आहे.