दादाचे मशीन, एकशेवीसवर

३ एप्रिल. सातारा
लिहायला बसण्याचे कारण एकच. दादा आणि वहिनी २८ तारखेला अमेरिकेला लेकीकडे निघालेत, चार महिन्यांसाठी. दादाचे दम्याचे मशीन तिथे चालणार नाही, हे मी आज फोनवर तीनदा सांगितले. कोणी ऐकले नाही. उद्या काही झाले की सगळे माझ्यावर येणार : तू एवढी शिकलेली, आधी का नाही बोललीस. म्हणून तारीख घालून ठेवते. बोलले होते.

मशीन म्हणजे नेब्युलायझर. औषध घातले की मोटर फवारा करते, मास्क लावून तो ओढायचा. सकाळ-संध्याकाळ. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देऊन देऊन दादाची छाती गेली, ती आता या खोक्यावर चालते. मशीनच्या पोटावर स्पष्ट छापले आहे : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत भिंतीतून येतात एकशेवीस. निम्मे.

दादाने सांगलीतून एक अडॅप्टर आणलाय. आपल्या गोल पिना एका बाजूला, तिकडच्या चपट्या दुसऱ्या बाजूला. दुकानदाराने सांगितले म्हणे, दीडशे देशांत चालतो. चालेल ना. पिना बदलेल. व्होल्टेज बदलणार नाही. हे समजायला पदवी लागत नाही, खोक्यावर छापलेले वाचावे लागते.

दादा : “आगं शैले, पिन बसली की करंट येतोय. करंट काय पासपोर्ट बघतोय व्हय?”

वहिनी मागे हसत होत्या. यांनाही इथे हसू आले. मूर्खपणा नंबर एक. यापुढे नुसते ‘मू.’ लिहीन. पूर्ण शब्द लिहून हात दुखेल.

५ एप्रिल
वैशालीचा फोन, अमेरिकेहून. दादाची लेक. “आत्या, तू उगाच टेन्शन घेतेस. आमचे इंडियातले चार्जर सगळे चालतात इथे.”

चालतात, कारण त्यांच्यावर १०० ते २४० लिहिलेले असते. बापाच्या मशीनवर काय लिहिलेय ते विचार म्हटले. इंजिनिअर आहे. संगणकाची.

मग तिथेच नवीन मशीन घेऊन ठेव म्हटले. तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि डॉक्टरची वेळ बाबा पोचल्यावर तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे बाबांनी श्वास कशाने घ्यायचा? “बघू गं काहीतरी.” मू. २.

८ एप्रिल
आज दादाने फोन तात्यांच्या हातात दिला. तात्या शेजारच्या मळ्यातले. मुलाकडे लंडनला तीन महिने राहून आलेत, तेव्हापासून परदेश या विषयावर तासगाव तालुक्यात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

“ताई, आमी मिक्सर नेला, शेगडी नेली, इस्त्री नेली. ह्योच अडॅप्टर. समदं चाललं. त्यात लय मोठं इज्ञान न्हाई.”

लंडनमध्ये दोनशेतीस व्होल्ट आहेत, तात्या. आपल्यासारखेच. तिथे फक्त पिना वेगळ्या. तुम्ही अमेरिकेला गेला नव्हता.

“फॉरेन ते फॉरेनच की.”

यावर मी फोन ठेवला. मू. ३, ४ आणि ५.

१० एप्रिल
इलाज सापडला. एकशेवीसचे दोनशेतीस करणारा ट्रान्सफॉर्मर. बाँबे रेस्टॉरंटच्या चौकापलीकडे एकजण मोटरींचे वाइंडिंग करतो, त्याच्याकडे तयार होता. वजन साडेचार किलो. हे म्हणाले, “बॅगेत एवढे वजन? वहिनी चटण्या काढतील की हा काढतील, तूच सांग.” चटण्या काढतील. माणूस महत्त्वाचा.

दादाला कळवले. “आगं, ह्येच्यापरास मी हितंच ऱ्हातो.” विनोद करतो. पण आवाज थोडा खाली होता. तिकडे नात झालीय, तिला अजून फक्त मोबाइलवर पाहिलेय त्याने.

११ एप्रिल
पहाटे जाग आली ती ५० हर्ट्झ या अक्षरांनी.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो. हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते, ते बदलत नाही. अमेरिकेत साठ आहेत. या मशीनची मोटर पन्नासची. साठवर कशी चालेल, तापेल की नाही, फवारा नीट येईल की नाही, लेबल काही सांगत नाही. लेबल फक्त पन्नास म्हणते. आणि मी ३ तारखेला हेच अक्षर इथे स्वतःच्या हाताने लिहिलेय. एकतीस वर्षे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना लेबल वाचायला शिकवले.

मू. ६. माझा. ट्रान्सफॉर्मर परत केला. वाइंडिंगवाल्याने कारण विचारले नाही, त्याबद्दल आभारी आहे.

१३ एप्रिल
सांगून कळत नाही, दाखवल्याशिवाय. कॉलेजातून डिमरस्टॅट मागून आणला : चाकासारखी मूठ फिरवली की व्होल्टेज कमी-जास्त होते. सोबत व्होल्टमीटर. उद्या सकाळच्या एसटीने सांगली, तिथून तासगाव. यांना म्हटले तुम्ही चला. म्हणाले, “परीक्षक एकच बरा.”

१४ एप्रिल. मळ्यात
जसे झाले तसे लिहिते.

पडवीत टेबल लावले. दादा, वहिनी, आणि न बोलावता तात्या. मशीनमध्ये दादाचे औषध घालून ते डिमरस्टॅटला जोडले. आधी मूठ २३० वर. फुर्र करून फवारा आला. “बघा. हा भारत.” मग मूठ १२० वर आणली. मोटर नुसती घुमू लागली. फवारा नाही. “ही अमेरिका.”

तात्या वाकून बघत म्हणाले, “आमची बोअरची मोटर बी आशीच घुमती की. काठीनं जरा ढकलली की सुटती.”

दादा : “कन्डेन्सर टाकला तर? दोन फेजवर तीन फेजची मोटर आमी वढतोच की.”

ही अक्कल. निम्म्या विजेवर पंप ओढायची सवय, तीच आता फुप्फुसाला लावायची. मी बरेच बोलले. दहावी नापास माणसाने निदान गप्प बसायला शिकावे, असेही बोलले. तात्यांसमोर. दादा हसला. हसता हसता खोकला लागला. सकाळी शेडवर जाऊन आला होता, धुरीचा वास कपड्यांना होताच.

खोकला थांबेना. त्याने मास्क ओढून घेतला आणि तोंडाला लावला. मशीन चालूच होते, मूठ १२० वर. घुमत होते. मास्कमध्ये काही येत नव्हते.

मी म्हटले, “बघ, येतंय का काही?”

त्याने हात वर केला. वाढव, म्हणून.

मी म्हटले, “आधी म्हण, शैले तुझं खरं.”

त्याला बोलता येत नव्हते. माझा हात मुठीवर होता. किती वेळ, ते मोजले नाही. प्रयोगात वेळ मोजायची असते.

वहिनी फक्त “वन्सं” म्हणाल्या. एकदाच. मूठ फिरवली. फुर्र.

दहा मिनिटांनी दादाने मास्क काढला. ओठांचा रंग परत आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “झालं तुजं प्रॅक्टिकल?”

तात्या चपला घालून निघून गेले. सिद्ध झाले, हे मात्र सगळ्यांना मान्य होते.

१५ एप्रिल. सातारा
डिमरस्टॅट कॉलेजला परत केला. नोंदवहीत ‘कामासाठी’ लिहिले.

मी सांगलीला बी.एस्सी. करत होते तेव्हा दर शनिवारी दादा वसतिगृहावर डबा आणायचा. तासगावहून सायकलवर. फाटकातून हाक मारायचा तेव्हा धापसुद्धा लागलेली नसायची.

मू. चे नंबर आजपासून बंद.

१९ एप्रिल
छातीच्या डॉक्टरांना भेटले. वहिनींकडून दादाच्या चिठ्ठीचा फोटो मागवला होता. पाठवला, पण सोबत एक अक्षर नाही.

डॉक्टर म्हणाले, हातात मावणारे छोटे नेब्युलायझर मिळते, सेलवर चालते. फक्त जाळीचे घ्या, बारीक जाळीतून फवारा करते ते. दुसरा एक प्रकार आहे तो या औषधाला चालत नाही. लिहून घेतले, त्यांच्याकडून वाचून घेतले, पुन्हा वाचले. “मॅडम, एवढे कोणी विचारत नाही,” म्हणाले. म्हणून तर.

२२ एप्रिल
जाळीचे मशीन आले. चार्जरवर भिंग धरून पाहिले : १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. दोन्ही. शिवाय पेन्सिल सेलवर चालते, म्हणजे भिंतीशी संबंधच नको. चार्जरला चपट्या पिनांचा छोटा अडॅप्टर वेगळा घेतला. तो व्होल्टेज बदलत नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. अडॅप्टर ही वस्तू वाईट नाही. तिच्याबद्दल बोलणारे वाईट असतात.

नुसते पाणी घालून चालवून पाहिले. आवाज जवळजवळ नाही. दादाला वाटेल बंदच आहे. ते कागदावर लिहिले पाहिजे.

दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

२५ एप्रिल
वहिनींचा फोन. “वन्सं, ह्यांनी जुनं मशीनच भरलंय बगा बॅगेत. त्यो अडॅप्टर बी. मी काय बोलले न्हाई. बोलून काय उपेग हाय का?”

नव्या मशीनचे सांगितले का त्याला?

“सांगितलं की. म्हणले, तिला सांग, माजं मी बघतो.”

मग म्हणाल्या, “आवं, त्यादिवशी तुमी तसं बोलायला नको हुतं. बाकी ते करंटचं तुमचंच खरं हुतं.” दोन्ही वाक्ये एकाच आवाजात. वहिनी सातवी शिकल्यात. आमच्या घरात नीट वाचता येणारी तीच एक बाई असावी.

गाडी २८ ला दुपारी सातारच्या बायपासवरून मुंबईला जाणार. बाँबे रेस्टॉरंटपाशी पाच मिनिटे थांबवा म्हटले. “थांबवते. ते उतरतील का न्हाई, म्हाईत न्हाई.”

२७ एप्रिल
कागद लिहिला, मोठ्या अक्षरात, आठ ओळी. सेल कसे घालायचे. आवाज येत नाही म्हणजे बंद नव्हे. जुने मशीन तिथल्या भिंतीला लावायचे नाही, कोणत्याही अडॅप्टरने, तात्या काहीही म्हणोत. तात्यांचे वाक्य खोडले. मग कागदच बदलला. खोडलेले दिसले असते.

शेवटी नववी ओळ लिहावी असे वाटत होते. काय लिहायची ते ठरले नाही. आठच ठेवल्या.

२८ एप्रिल
दीड वाजता गाडी आली. हॉटेलपाशी थांबली. वहिनी उतरल्या. दादा पुढच्या सीटवर बसूनच. काच खाली केली.

म्हटले, हे घे. मांडीवर पिशवी ठेवली. त्याने मशीन बाहेर काढले, हातात फिरवले.

“एवढुसं?”

एवढुसंच.

“आवाज?”

येत नाही. कागदावर लिहिलेय.

कागद उघडला. ओठ हलवत पूर्ण वाचला. घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग म्हणाला, “त्यादिवशी तुजा हात गार पडून अडकला हुता काय गं मुठीवर?”

नाही म्हटले. खरे तेच. गार पडला नव्हता. तीच तर अडचण आहे. पुढे काय बोलायचे ते येत होते ओठांपर्यंत, पण मागून ट्रकने हॉर्न दिला, वहिनी मागे जाऊन बसल्या आणि ड्रायव्हरने गाडी जरा पुढे घेतली. मी चालत गेले काचेपर्यंत.

“तो सांगलीचा अडॅप्टर मला दे,” म्हटले. हुकूमच दिला. दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही मला.

त्याने वहिनींकडे पाहिले. पायाशी वाकून पिशवीतून अडॅप्टरचे खोके काढले, वरून रबर लावलेले, आणि माझ्या हातात दिले. “घे. ठेव तुज्यापाशी.” काच वर झाली. वहिनींनी मागून हात केला.

रिक्षात बसल्यावर खोके हलवले. आवाज वेगळा आला.

चार वाजता फोन केला. वहिनींनी उचलला. झोपलेत म्हणाल्या. जुने मशीन बॅगेत आहे का अजून? “बॅगा डिकीत हायती वन्सं, आता कुटं बगू?” रात्रीचे विमान. पोचले की वैशाली कळवेल. कोणते मशीन लावले ते मी विचारणार, आणि ती “बघू गं” म्हणणार.

दिले : जाळीचे मशीन एक. मास्क दोन. चार्जर एक, चपट्या पिनांचा छोटा अडॅप्टर एक. पेन्सिल सेल आठ. कागद एक, ओळी आठ.

मिळाले : सांगलीच्या अडॅप्टरचे खोके एक, रबरासह. आत यंदाचे बेदाणे, हिरवे, मूठभर, वर्तमानपत्रात बांधलेले. अडॅप्टर नाही.