मामाच्या लॅटिनवर बीट

६ सप्टेंबर, शुक्रवार. मस्कत.

आज आयुष्य बदललं. तारीख लिहून ठेवतो, पुढे इंटरव्ह्यूत विचारतील.

हॉटेलच्या जिममध्ये धुतलेले टॉवेल ठेवायला गेलो तर गाणं लागलेलं. जुनं लॅटिन, चर्चमध्ये पूर्वी सगळे एका सुरात गायचे ते, आणि त्याच्याखाली धाडधाड बीट. एक जाडा गोरा त्याच्यावर असा पळत होता की मशीनचा पट्टा तुटेल. मी टॉवेल धरून तसाच उभा. सुपरवायझर ओरडला तेव्हा भानावर आलो.

रूमवर येऊन विचार केला. ह्या लोकांना लॅटिनवाला माणूस शोधायला किती वणवण करावी लागली असेल. आपल्या घरातच आहे. कॉन्रॅड मामा! वसईला आमच्या गावात आता लॅटिन गाणारा तो एकटाच उरलाय आणि दिवसभर वाडीत केळीला पाणी सोडत बसतो. टॅलेंटची माती.

ठरलं. मामाचा आवाज, माझा बीट. लाँड्रीला रामराम.

७ सप्टेंबर

दिवाळीपर्यंत गाणं हिट. नाताळला घरी. नवीन वर्षात ज्युली.

ज्युलीशी बोललो. ती आमच्याच गावातली, पापडीला दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. मी निघालो तेव्हा 'जप' म्हणाली होती, तेव्हापासून आमचं फिक्स आहे. आज म्हणाली घरी मुलं बघायला लागलेत, तू पप्पांना एक फोन कर, बाकी मी बघते. मी म्हणालो, लाँड्रीवाला म्हणून कशाला फोन करू, गाणं येऊ दे. ती म्हणाली, एरॉल, एक फोन. मी म्हणालो हो गं हो.

१० सप्टेंबर

मामाला फोन केला. म्हणालो, एक लॅटिन गाणं रेकॉर्ड करून पाठव. मामाने पहिलं काय विचारावं, तर तिकडे कोण वारलं काय. मामाचं डोकं कायम तिथेच. म्हणालो, कोण नाय रे, मला ऐकायचंय. मामाने तिकडे नाक शिंकरलं आणि म्हणाला, बाबा, परदेशात गेल्यावर तुला ह्याची आठवण झाली, इकडच्या पोरांना तर नको असतं. रडला की काय कोण जाणे. मी बीटचं काही बोललो नाही. आर्टिस्टने सगळं आधी सांगायचं नसतं.

१३ सप्टेंबर

आलं! मामाचा आवाज कडक. मागे कोंबडा आणि विहिरीवरचा पंप. सूर असा हळू वर चढतो की काटा येतो अंगावर. कुठेतरी ऐकल्यासारखं पण वाटतं. हिट गाण्याची हीच खूण.

अर्थ विचारायचा राहिला. देवाचंच काहीतरी असणार.

केरळचा रूममेट म्हणाला, ब्रदर, व्हेरी सॅड. त्याला समजावलं की अजून बीट टाकला नाही.

२० सप्टेंबर

मोबाईलवर काम चालू. मामाला दुप्पट स्पीड दिला. एकदम तरुण वाटतो. पंप ठेवलाय, तो बीटमध्ये बसतो. कोंबडा काढला.

चादरीच्या रोलरवर उभा असताना ट्यून सुचली आणि एक चादर करपली. वॉर्निंग मिळाली. मोठ्या लोकांच्या सुरुवातीला असंच होतं.

२९ सप्टेंबर

ट्रॅक तयार. नाव: 'फुल लॅटिन'.

क्लिफर्डला पाठवला. क्लिफर्ड म्हणजे शाळेत माझ्या बाकावरचा. आम्ही नववीत बरोबरच राहिलो. त्याने नंतर साउंड घेतला, आता लग्न-हळदीला डीजे लावतो. म्हणाला, भाई आग लावलीस, पण ड्रॉप पाहिजे, म्हणजे बीट मध्येच थांबून धाडकन परत येतो ते. त्यानेच टाकून घेतला. चालतं. टीम लागतेच.

ज्युलीने विचारलं, फोन केलास? म्हणालो उद्या नक्की.

१९ ऑक्टोबर

हिट!!! क्लिफर्डने विरारला चंदनसारच्या एका हळदीत वाजवलं. व्हिडिओत नवरदेवाचा काका खुर्चीवर चढून नाचतोय, हळदीचं ताट डोक्यावर. पब्लिकने परत परत लावायला लावलं. आता कळंब बीचच्या कॉटेजवाल्यांनी पण मागितलंय.

फक्त स्क्रीनवर नाव 'डीजे क्लिफ'. विचारलं त्याला. म्हणाला, भाई, तू इथे नाहीस, पब्लिकला समोर थोबाड लागतं. बरोबर आहे. माझं नाव योग्य वेळी बाहेर येईल. सस्पेन्स.

९ नोव्हेंबर

आज ज्युलीच्या पप्पांचा नंबर काढून बसलो होतो. पण बोलणार काय? अंकल, ते विरारला वाजतंय ना, डीजे क्लिफचं, ते माझं? कोण विश्वास ठेवणार. आधी नाव, मग फोन. बॅटरीपण अर्धीच होती.

२४ नोव्हेंबर

नाताळची रजा नाही. सुपरवायझर म्हणाला, हॉटेल फुल, तू गेलास तर चादरी कोण धुणार, तुझा मामा? मीच त्याला मामाचं सांगितलेलं. चूक झाली.

विरारच्या रिक्षांत पण गाणं वाजतं म्हणे. आमच्या गावात मात्र अजून नाही. यंदा गावातली सगळी लग्नं नाताळनंतरची. त्यात आता नाताळआधीचा आगमनकाळ लागतोय, म्हणजे चार रविवार लग्न नाही, बँड नाही, काही नाही. आपल्या लोकांची भूक वाढू दे. ह्यालाच मार्केटिंग म्हणतात.

१ डिसेंबर

ज्युलीचा मेसेज. साखरपुडा झाला. मुलगा पापडीचा, बँकेत आहे. पाच जानेवारीला लग्न. शेवटी लिहिलंय, मी खूप वाट बघितली.

दोन शिफ्ट सलग केल्या. रोलरवरून किती चादरी गेल्या कळलं नाही.

८ डिसेंबर

आई म्हणाली आज चर्चमध्ये मिस्साला ज्युलीचं आणि त्या बँकवाल्याचं नाव पुकारलं. अजून दोन रविवार पुकारतील. पुकारून विचारतात की कोणाची हरकत आहे का. म्हणजे कायद्याने चान्स आहे! फादरना फोन लावायला घेतला. पण हरकत काय सांगणार? ती मला 'जप' म्हणाली होती?

१५ डिसेंबर

सॉलिड आयडिया. लग्नाचा डीजे क्लिफर्डच आहे. त्याला म्हणालो, नवरा-नवरी हॉलमध्ये येतील तेव्हा 'फुल लॅटिन' लाव, आणि माइकवर सांग की हे मस्कतच्या एरॉलने बनवलंय. क्लिफर्ड म्हणाला, तू ठीक आहेस ना? म्हणालो, माझ्या दोस्तीची शपथ. मग तयार झाला.

ज्युली ऐकेल. तिला कळेल की विरारपासून कळंबपर्यंत लोक कोणाच्या गाण्यावर नाचले. मग तिचं ती ठरवेल. मी आपलं गाणं पाठवतो.

५ जानेवारी, संध्याकाळ

क्लिफर्डकडून छोटी क्लिप आली. हॉल भरलेला. ज्युली पांढऱ्या ड्रेसमध्ये दारात. बघवलं नाही, तरी बघितली. माझं नाव माइकवर, मोठ्याने! बीट सुरू. पोरं नाचायला लागली. आणि मग, मी परत परत बघितलं, म्हातारे लोक एक एक करून उभे राहिले. टोप्या काढल्या. ज्युलीची आजी, हिल्डा आजी, जिला दोघींनी धरून आणलेली, तीपण उठली.

स्टँडिंग ओव्हेशन!

मामापण उभा राहिलेला दिसला. त्याचे ओठ हलत होते. स्वतःचा आवाज ओळखला बिचाऱ्याने.

ज्युलीचा चेहरा क्लिपमध्ये नीट दिसत नाही.

६ जानेवारी

आईचा फोन. हॅलो नाही, काही नाही. म्हणाली, मेल्या, मैतीचं गाणं लावलंस?

म्हणे हे दफनाला गातात. पेटी चर्चमधून उचलली की कबरीपर्यंत. लॅटिन आता तेवढ्यालाच उरलंय, जुनी माणसं मरताना सांगून ठेवतात म्हणून. मला काय माहीत! मैतीला आम्ही पोरं गेटबाहेर बाईकवर बसून असायचो.

हळदीवाल्यांना कळलं नाही, आमच्यांना पहिल्या ओळीला कळलं. पेटी निघाली की उठायचं, टोपी काढायची, ही सवय. हिल्डा आजी विचारत सुटली, कोण गेलं गं, माझ्यापासून काय लपवता. नवऱ्याकडचे एक काका बाहेर जाऊन बघून आले, मैतीची गाडी आलीय का. क्लिफर्डने घाबरून साउंड बंद केला. पण तोपर्यंत मामाने गाणं उचललेलं, बाकीच्या म्हाताऱ्यांनी साथ धरलेली, आणि हे एकदा सुरू केलं की मध्ये सोडत नाहीत, गेलेल्या माणसाला वाटेत टाकल्यासारखं होतं. शेवटपर्यंत गायले. बीटशिवाय. नवरा-नवरी केकजवळ हात जोडून उभी.

आई म्हणाली, आणि वर तुझं नाव सांगितलं त्या क्लिफर्डने, माइकवर.

७ जानेवारी

मामाशी बोललो. वाटलं शिव्या घालेल. म्हणाला, आवाज माझा एवढा पळत का होता रे, मला दम लागला त्याच्याबरोबर गाताना. म्हणालो, मामा, तू लग्नाचं का नाही पाठवलंस? म्हणाला, लग्नाचं मला येत नाय, लग्नाला मला कोण गायला बोलवतं?

क्लिफर्डने गाणं सगळीकडून काढलं. आता विचारलं तर सांगतो, माझं नाहीच, एरॉलचं.

९ जानेवारी

लंच ब्रेकमध्ये वसईचा नंबर. ज्युलीचे पप्पा.

शिव्या नाही घातल्या. विचारलं, जेवलास का. म्हणालो, हो अंकल. म्हणाले, सप्टेंबरात पोरगी म्हणालेली एरॉलचा फोन येईल, नीट बोला त्याच्याशी. मी वाट बघितली. मी म्हणालो, अंकल, रजाच मिळाली नाही. म्हणाले, फोनला रजा लागत नाय रे बाळा.

मग म्हणाले, एकच विचारायचंय. ते गाणं काय होतं, ते तुला ठाऊक होतं?

मी म्हणालो, आईशप्पथ नाही अंकल. देवाची शपथ. मला अक्षर कळत नाही लॅटिनचं. दोनदोनदा सांगितलं.

त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, माझं तेच म्हणणं होतं. ज्युलीच एकटी घरात धरून बसलीय की नाही पप्पा, एरॉलने मुद्दामच केलं, मला थांबवायला केलं. बरं झालं. सांगतो तिला, तसं काय नव्हतं.

आणि ठेवला.

मी लगेच परत लावला. बिझी.