चार पुड्या आणि एक बंद पाकीट

डोंबिवली (पूर्व), ८ नोव्हेंबर १९८७

प्रिय आनंदा यास सुधीरचा सप्रेम नमस्कार.

कलकत्त्याला तू आणि वहिनी खुशाल असाल असं धरून चालतो; मामांच्या गुडघ्याचं मात्र सविस्तर कळव. इकडे सगळे ठीक. (आमची सौ. सुहासिनी तीन आठवडे माझ्याशी बोलत नव्हती, पण तब्येतीने ठीक होती.)

तुझ्या चहा कंपनीतल्या चार पुड्या आणि उत्तरांचं बंद पाकीट पोचलं. "एक पुडी गेल्या सालची आहे आणि दोन पुड्यांत एकच चहा आहे, चाखून ओळख, मगच पाकीट उघड," असं तू लिहिलेलंस. म्हटलं, ओळखणारच! ठाण्याच्या ऑफिसातून आलो की रोज चार कप मांडायचो, प्रत्येकात चिमूटभर पत्ती, वर उकळतं पाणी, आणि पाच मिनिटं गजराच्या घड्याळावर मोजायची (त्याला पाच मिनिटांचा गजर लावता येत नाही, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं). दूध नाही, साखर नाही. तू शिकवल्याप्रमाणे चमच्याने जोरात भुरका, तोंडात घोळवणं आणि थुंकणं. पहिल्याच भुरक्याला खालचे काळुराम पाटील मला ठसका लागला समजून धावत वर आले आणि पाठीत असा गुद्दा घातला की दोन नंबरचा चहा भिंतीवर गेला. सुहासिनी म्हणाली, "थुंकायला चहा विकत आणतात होय माणसं?" मी म्हटलं, हा फुकट आलाय. तेव्हापासून तिचं बोलणं बंद आणि माझा नेहमीचा आल्याचा चहाही बंद.

तरी मी हटलो नाही. वही भरत आणली. तीन नंबरला पहिला क्रमांक दिला. एक आणि चार यांत जमीन-अस्मानाचा फरक असल्याचं लाल शाईने लिहिलं. मग गेल्या रविवारी चंद्रभागा आली. (कोपरकडची कोळीण, पंधरा वर्षं आमच्याकडे मासळी तिचीच.) पाटी उतरवून तिने हात साबणाने धुतले, चारही पुड्या हुंगल्या आणि म्हणाली, "यो तीन नंबर जुना हाय, सुधीरभाव. आनि ह्यो पयला नि चवथा, एकाच घरचं." मी हसत हसत पाकीट उघडलं. आनंदा, तिचं सगळं बरोबर! सुहासिनी इतकी हसली की तिला पाट घेऊन बसावं लागलं. मी वही घेऊन गॅलरीत गेलो. डोळ्यांत पाणी आलेलं, कशाला खोटं बोलू?

पण पाच मिनिटांनी आत येऊन विचारलं, "चंद्रभागा, मला शिकवशील?" ती म्हणाली, "शिकवीन. पन पयलं म्हावरं वलखाला शिका. नाकाला इचारा, जिभेला काय इचारता?" सध्या रोज सकाळी जिन्यात बसून पापलेटांचे कल्ले हुंगतो. शेजारी बघतात. बघू देत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा आतेभाऊ,
सुधीर गुप्ते

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. तुमच्याकडे चहा-परीक्षकाची जागा निघाल्याचं वाचून मी गेल्याच महिन्यात तुझ्या साहेबांना परस्पर अर्ज धाडलाय. त्यात स्वतःला "जन्मजात जाणकार" म्हटलंय आणि साक्षीला तुझं नाव दिलंय. तेवढा अर्ज त्यांच्या टेबलावरून गुपचूप उचल.

ता. क. २ : पत्र पेटीत टाकायला निघालेलो, जाता जाता डोळे मिटून पुड्या हुंगल्या. तीनदा चुकलो, चौथ्यांदा जुनी बरोबर ओळखली! अर्ज राहू दे. मुलाखत तेवढी होळीपर्यंत लांबव.