तीन घरांची अदलाबदल

फ्रीमाँट,
फेब्रुवारी २००७

प्रिय सुनेत्रा,

अक्षर रेणूचं आहे, बोलणं माझं. तुझी वहिनीच लिहून घेतेय म्हटल्यावर तिच्याविषयी सगळं चांगलंच येणार, एवढं समजून वाच. फोन का नाही केला? फोनवर तू "बघू गं आई" म्हणतेस, दुसऱ्या फोनवरून अरुण "हो, बघू" म्हणतो, आणि माझं म्हणणं तिथंच संपतं. कागदाला मधे बोलता येत नाही.

इथलं बरं चाललंय. सकाळी साडेआठला तिघंही गाड्यांतून निघून जातात. मग मी आणि फ्रिज. तो मधूनमधून गुरगुरतो, तेवढीच सोबत. मागच्या महिन्यात दार उघडून पायरीवर जरा उभं राहावं म्हटलं, तर भोंगा वाजायला लागला आणि पोलीस आला. देखणा होता हो, पण तेव्हापासून मी दाराला हात लावत नाही. जन्मभर कागदावर एक अंगठा दिला, इथं अरुणनं सरकारी कचेरीत नेलं तेव्हा दहाही बोटांचे ठसे घेतले. मला वाटलं, मुक्काम सहा महिन्यांनी वाढतोय. आता अरुण सांगतो, हे कायम राहायचं कार्ड आहे, फार दिवस नागपूरला राहिलीस तर जाईल. आधी विचारायचं माझंच राहिलं.

तुझा भाचा शिव मात्र माझ्याशी बोलतो. अर्धं इंग्रजीत, पण बोलतो. त्याला बास्केटबॉलचं वेड. संघांनी खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत संपत आलीय, म्हणून शाळेतून आला की कॉम्प्युटरवर स्वतःच अदलाबदली मांडत बसतो. मी शेजारी मटार सोलत. त्यानं मला सगळं समजावलं. प्रत्येक संघाच्या पगाराला एक मर्यादा असते, त्यामुळे एक खेळाडू घ्यायचा तर साधारण तेवढ्याच पगाराचा दुसरा द्यावा लागतो. दोघांचं जुळेना, तर तिसरा संघ मधे घ्यायचा. मी विचारलं, त्या खेळाडूला कोणी विचारतं का?

"नो आजी. त्याला नुसता फोन येतो."

तेव्हा मला कळलं, दर रविवारी तुम्ही दोघं भावंडं फोनवर काय करता ते. तुझं बाळंतपण जुलैत, म्हणून जूनमध्ये मी तुझ्याकडे अल्फारेटाला. माझ्या खोलीत रेणूची आई. पक्कंसुद्धा झालं म्हणे.

पण बाळांनो, तुमची मांडणी चुकलीय. सुनेत्रा, तुझ्या घरात एकच म्हातारी मावते. मी आले की तुझ्या सासूबाईंना पुन्हा 'पुढच्या वर्षी'. अहिल्याबाई दोन वर्षं पुण्यात तुझ्या आमंत्रणाच्या पत्राची वाट बघताहेत. तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती ती बाई, आणि माझे गुडघे असे की बाळ मांडीवर घेतलं तर मला उठवायला कोणीतरी लागेल. म्हणून मी तिसरा संघ आणते. तुझी उल्कामावशी. दिवाळीत पडल्यापासून माझी बहीण नागपूरच्या घरात एकटीला घाबरते. अहिल्याबाई तुझ्याकडे, रेणूची आई इथं, मी उल्काकडे. कुठल्याच घरावर जास्तीचा भार नाही. शिवनं तपासलं, बसतं म्हणाला.

माझं कार्ड जाईल, ठाऊक आहे. तुझं बाळ मी कदाचित फोटोतच बघेन. हे सांगताना रेणूचं पेन थांबलंय. लिही गं, खोली तुझ्याच आईला मिळतेय.

काल शिव आणखी एक म्हणाला. थोड्याच खेळाडूंच्या करारात एक कलम असतं, त्यांना विचारल्याशिवाय कुठे पाठवता येत नाही. फार जुन्या, फार मोठ्या खेळाडूंनाच ते मिळतं. मी मोठी नाही, पण जुनी आहे. म्हणून हे पत्र. पुढच्या रविवारी अरुण तिकिटाच्या तारखा सांगायला लागला की त्याला थांबव, आणि त्याच्या देखत मला विचार, "आई, तुला कुठे राहायचंय?" उत्तर तुला आत्ताच कळलंय. तरी विचार.

तुझीच,
अजून तरी फ्रीमाँटकडून खेळणारी,
आई