दारं न काढलेल्या कपाटाचा खटला

तीर्थरूप मामांच्या चरणी,

धाकट्या भाच्याचा नमस्कार (तूर्त बसूनच, भेटल्यावर वाकून करीन). इकडे सगळे मजेत आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या, की चढताना दुखत नाही, उतरतानाच दुखतो. म्हणजे निम्मं दुखणं गेलं. उरलेल्या निम्म्यावर मला एक उपाय सुचला होता, पण तो तुम्हाला सांगू नकोस असं मामींनी बजावलं आहे, म्हणून सांगत नाही.

पत्राला उशीर झाला, कारण मधल्या काळात मी न्यायाधीश झालो होतो. (मामींना वाचून दाखवताना हे वाक्य जरा भरभर वाचावं.) त्याचं असं झालं, की मागे मी एका वेबसाइटवर, फोनवरूनच, एका माणसाला वर्गणी दिली होती. हरवलेल्या चष्म्याने आपणहून शिट्टी वाजवावी, असं काहीतरी तो बनवणार होता. लोकांचे चष्मे हरवेनासे झाले तर माझं चष्म्यांचं दुकान कशावर चालणार, हा विचार मला पैसे गेल्यावर सुचला. ती वेबसाइट म्हणजे आपण दारोदार वर्गणी मागतो तसलाच प्रकार, फक्त दार फोनवर वाजवायचं. कुणाला पुस्तक काढायचं असतं, कुणाला गेम बनवायचा असतो. तो आपलं म्हणणं मांडतो, पटलं तर लोक पैसे लावतात. आणि कुणाविरुद्ध तक्रार आली, की वेबसाइटवाले जुन्या वर्गणीदारांतून चिठ्ठ्या टाकून तीन पंच नेमतात. माझी चिठ्ठी निघाली. घरी सांगितलं तेव्हा तुमची भाचेसून म्हणाली, टीव्हीचा रिमोट कुणाकडे असावा याचा निकाल तुम्हाला आजवर लावता आला नाही. ते खरं आहे, पण त्या खटल्यात साक्षीदार फार आहेत.

बाकीचे दोन पंच आमच्याच शहरातले निघाले. एक ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्यांना गाडी शिकवली आहे, की बोलताना त्यांचा उजवा पाय अजूनही ब्रेक दाबत असतो. दुसरे हवामान खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते कुठलंही वाक्य ‘शक्यता आहे’ असं म्हटल्याशिवाय पुरं करत नाहीत. चहा आवडला का विचारलं तरी आवडला असण्याची शक्यता असते. दुपारी दुकान बंद असतं, त्या वेळात आम्ही माझ्या तपासणीच्या खोलीत जमायचो. डोळे तपासायच्या खुर्चीत कोणी बसायचं यावरच पहिली बैठक खर्ची पडली.

खटला असा. एक मुलगी एकटीच एक गेम बनवते आहे. (तिला मी गेमवालीच म्हणतो.) गेम साधा, पण भलताच गमतीचा. एका म्हाताऱ्या बाईला उंच इमारतीच्या जिन्यावरून एक अवजड लाकडी कपाट खाली न्यायचं असतं. हाताशी दोन हमाल, दोघेही बिनडोक. खेळणाऱ्याने कपाटाला हात लावायचा नाही. त्याने फक्त बटणं दाबून म्हातारीच्या तोंडून ओरडायचं. डावीकडे घ्या म्हटलं की हमाल आपापल्या डावीकडे घेतात, आणि ते समोरासमोर तोंड करून चाललेले असतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चांगल्या पगाराची नोकरी सोडून पोरगी या कपाटामागे लागली होती. वर्गणी बऱ्यापैकी जमत आली, आणि निनावी तक्रार येऊन थडकली. वेबसाइटवरचं तिचं पान गोठवलं गेलं. मुदत संपायच्या आत आम्ही निकाल दिला नाही, तर जमलेली वर्गणी ज्याची त्याला परत, आणि कपाट जिन्यातच.

तक्रारीवर सही ‘एक हितचिंतक’ अशी होती. (मामा, हितचिंतकाइतकं घाबरण्यासारखं जगात काही नाही, हे तुम्हीच म्हणता.) आरोप तीन. पहिला, गेम मुळात अस्तित्वातच नाही, नुसतं हलतं चित्र दाखवून लोकांना फसवलं जातं आहे. कारण कोणतीही शहाणी बाई दारं न काढता कपाट जिन्यात घालणार नाही, तेव्हा हे कुणा जाणत्याने बनवलेलंच नव्हे. दुसरा, गेममधली म्हातारी एका जिवंत व्यक्तीवरून चोरलेली आहे आणि त्या व्यक्तीला विचारलेलं नाही. तिसरा, या मुलीने आयुष्यात हाती घेतलेली एकही गोष्ट तडीस नेलेली नाही: गिटार सोडली, पोहणं सोडलं, आणि विणायला घेतलेल्या स्वेटरची एकच बाही झाली.

आता निनावी तक्रारीचं करायचं काय? मी म्हटलं, ज्याला नाव सांगायची लाज वाटते त्याचं ऐकायचंच कशाला, फाडून टाका. (ती फोनवर होती, पण भावना लक्षात घ्या.) हवामानवाले म्हणाले, की निनावी तक्रार वाऱ्यासारखी असते, दिशा कळते, सुटला कुठून ते कळत नाही. पण म्हणून खिडकी बंद करायची नाही असं कुठे आहे, असं मी विचारलं, तर तशीही शक्यता आहे म्हणाले. शेवटी ड्रायव्हिंगच्या बाईंनी मुद्दा काढला. मागून हॉर्न वाजला, तर वाजवणारा कोण हे वळून बघायचं नसतं. आधी आपली गाडी लेनमध्ये आहे का ते बघायचं. हे मला पटलं, आणि मला पटल्याचं बघून मलाच आश्चर्य वाटलं. तेव्हा ठरलं, की तक्रार करणाऱ्याला शोधायचं नाही, आरोप तेवढे तपासायचे. आणि गेम आहे की नाही हे ठरवायचं तर तो खेळूनच बघायला हवा.

गेमवालीने आमच्याच शहरात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली कामाला घेतली आहे. रबराच्या वासातून जिना चढून गेलो. खोलीत एक टेबल, त्यावर दोन कॉम्प्युटर, आणि भिंतभर जिन्यांची चित्रं: वळणाचे, सरळ, लोखंडी, कठडा मोडलेले. पोरीने कपडे वाळत घालायच्या चिमट्याने केस वर बांधले होते, आणि झोप नसल्याने डोळे असे झाले होते, की मी सवयीने नंबर विचारणार होतो. तिने कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाली, की ज्याने लिहिलं त्याने माझ्याशी बोलायला हवं होतं. मग तिने खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, खेळा.

मामा, मी खेळलो. दुसऱ्याच वळणावर माझं कपाट एका सज्जन शेजाऱ्याच्या दारात असं अडकलं, की त्याला कपाटातून ये-जा करावी लागली. ड्रायव्हिंगच्या बाईंचं तर विचारूच नका. जगाला रिव्हर्स शिकवणारी बाई, पण कपाट मागे घेताना त्यांनी दोन्ही हमाल, कठडा आणि एक कुंडी यांची एकच मोट बांधली, आणि खोटा ब्रेक दाबून दाबून टेबलाखालची वायर उपटली. हवामानवाले मात्र छुपे रुस्तम निघाले. तोंडातून अवाक्षर न काढता ते मजल्यामागून मजला उतरत गेले, आणि आम्ही दोघं मागे उभं राहून त्यांना सल्ले देत राहिलो. आपण पंच आहोत हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. हसून हसून माझ्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या. खालचा सायकलवाला काय कोसळलं म्हणून बघून गेला.

एवढ्यात चहाचा थर्मास घेऊन गेमवालीची आत्या आली. या आत्याने तिला लहानाची मोठी केली. बँकेतली बदलीची नोकरी. शहरामागून शहर बदललं, पण आईकडून आलेलं कपाट बाईंनी सोडलं नाही. ठेंगणी, ताठ, आणि नजर अशी, की मी आपोआप दुकानाचे हिशेब आठवू लागलो. त्यांनी थर्मास ठेवला, पडद्याकडे बघितलं, आणि त्यांना राहवलं नाही.

“आधी दारं काढायची. बिजागऱ्यांपासून,” त्या म्हणाल्या. “कोणतीही शहाणी बाई दारं न काढता कपाट जिन्यात घालणार नाही.”

हवामानवाल्यांचा हात थांबला. पडद्यावर कपाट हळूहळू कलंडलं आणि जिन्यावरून गडगडत गेलं, ते कुणी बघितलंही नाही. आम्ही शोधायचं नाही असं ठरवलं होतं, मामा. हितचिंतक स्वतःच थर्मास घेऊन हजर झाला, त्याला आम्ही काय करणार? पोरीने तक्रार इतक्या वेळा वाचली होती, की ते वाक्य तिला आमच्याआधी ओळखू आलं. ती आत्याकडे वळली. आत्या थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. ते कधीच लागलेलं होतं.

मग त्यांनी सांगितलं. उसनं हसू आणून नाही, मान वर करून सांगितलं. नोकरी सोडली, आता चारचौघांत पैसे मागून गेमही अर्धा राहिला, तर जग हिला हसणार. त्यापेक्षा आधीच कुणीतरी गुपचूप थांबवलेलं बरं. तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि हिच्याशी भांडण मला सोसत नाही. हे सगळं त्या सांगत होत्या, पण खरी सल वेगळीच होती, ती शेवटी बाहेर पडली. जाहिरातीच्या चित्रफितीत म्हातारी कपाट पाडते आणि लोक हसतात. “मी ते कपाट एकदाही पाडलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

पोरगी पुढे आली. मला वाटलं, आता ही रडणार किंवा आपल्याला बाहेर काढणार. तिने खुर्ची ओढली, आत्याला खांद्याला धरून बसवलं आणि म्हणाली, शेवटपर्यंत खेळ, मग बोलू. आत्या खेळल्या. खेळल्या म्हणजे काय, त्यांनी त्या हमालांना असं वठणीवर आणलं, की खोलीतले आम्ही तिघेही नकळत ताठ उभे राहिलो. एक ओरखडा न पडता कपाट खाली टेम्पोपर्यंत आलं. टेम्पोत चढल्यावर त्याचं दार करकरत उघडलं, आणि आत एक फ्रॉकातली मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसली. एवढा वेळ ती आतच होती.

“दारं काढली असती तर मी दिसले असते,” पोरगी म्हणाली.

आत्या पडद्याकडेच बघत होत्या. एका बदलीच्या वेळी ही पोर, आपल्याला मागेच ठेवून जातील या भीतीने, कपाटात लपून बसली होती. आणि आजवर तिला वाटत होतं, की ते कुणालाच कळलं नाही.

“तेवढी एकदाच नव्हती काढली,” आत्या म्हणाल्या. “हमालांना मी सांगितलं होतं, आत काच आहे, जपून न्या.”

मामा, त्यानंतर हवामानवाले खिडकीशी जाऊन आकाश निरखू लागले. आकाश निरभ्र होतं, तरी त्यांनी बराच वेळ निरखलं. ड्रायव्हिंगच्या बाई म्हणाल्या, डोळ्यांत काहीतरी गेलं. मी डोळ्यांचा जाणकार. पण तपासायला मला नीट दिसत नव्हतं. आत्या-भाची मात्र एव्हाना भांडायला लागल्या होत्या, तेही स्वेटरच्या दुसऱ्या बाहीवरून, आणि ते भांडण दोघींनाही छान सोसत होतं.

निकाल आम्ही तिथेच चहा पिता पिता लिहिला. आरोप पहिला: खोटा. गेम आहे, तिन्ही पंचांची कपाटं अडकली-पडली आहेत. आरोप दुसरा: खरा. म्हातारी जिवंत व्यक्तीवरून घेतली आहे आणि विचारलेलं नाही. सबब त्या व्यक्तीने म्हातारीचं ओरडणं आपल्या आवाजात भरून द्यावं, आणि नीट कपाट नेणाऱ्याला दारं काढायची मुभा असावी. (ही अट आत्यांनी स्वतः सांगून लिहून घेतली.) आरोप तिसरा, गेम पुरा होईल का? यावर आम्ही हवामानवाल्यांकडे बघितलं. ते म्हणाले, दाट शक्यता आहे. नोकरीतही आपण ‘दाट’ शब्द क्वचितच वापरला, असं ते जिना उतरताना म्हणाले.

पान उघडलं. त्याखाली आत्यांनी आपलं नाव घालून लिहिलं, की तक्रार माझी होती, मागे घेते, कपाट अजून आमच्याकडे आहे आणि त्यावर ओरखडा नाही. ते वाचून लोक असे लोटले, की मुदतीच्या आत वर्गणी पुरी होऊन वर उरली. आत्यांचा आवाज भरून झाला. परवा त्यांच्या तोंडचं ‘तुझी डावी नव्हे, माझी डावी’ ऐकताना मी दुकानात इतका हसलो, की समोरचं गिऱ्हाईक तक्त्यावरची शेवटची ओळ विसरलं.

असो. तब्येतीला जपा, मामींना नमस्कार. न्यायदानाच्या कामातून मोकळा झालो आहे, आता दुकानाकडे लक्ष देतो.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
चष्मेवाला

ता. क. एक छोटी विनंती होती. उरलेल्या पैशांतून गेमवाली आणखी एक पात्र घालते आहे: दारात मधोमध उभा राहून, कमरेवर हात ठेवून, कशालाही हात न लावता सगळ्यांना सल्ले देणारा एक मामा. आम्ही घर बदललं त्या दिवसाची हकीकत मी तिला सहज बोलता बोलता सांगितली होती. हुबेहूब उतरला आहे. मिशीसुद्धा. निकालात आम्हीच लिहून बसलो आहोत की जिवंत माणसाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, तेव्हा सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी.

ता. क. दुसरा. सहीची घाई नाही. मामींना विचारलं होतं. त्यांनी तुमच्या वतीने लगेच होकार दिला, आणि तुम्ही नळवाल्याला सूचना देत होता तेव्हाचा तुमचा आवाजही गुपचूप भरून पाठवला. तो गेममध्ये कधीच गेला आहे. लोकांना फार आवडतो.

ता. क. तिसरा. काल वेबसाइटवर माझ्याविरुद्ध निनावी तक्रार आली आहे, की पंचमहाशय गिऱ्हाईक ताटकळत ठेवून गेम खेळतात आणि घरी आल्यावर रिमोटही सोडत नाहीत. तक्रार करणाऱ्याला शोधायचं नाही असं माझंच तत्त्व आहे. तरी चौकशीला पंच आले, तर हे पत्र लिहिलं त्या दिवशी मी दिवसभर दुकानात काम करत होतो, एवढं तुम्ही सांगावं.